प्रतीक्षेचे पंचांग

चंडीगढच्या ईशान्य अंगास, किशनगढ गावाला खेटून आणि मनीमाजऱ्याच्या शेजारी जे तंत्रज्ञान उद्यान २००५ साली सुरू झाले, त्याचे सरकारी दप्तरातील नाव लांबलचक असले तरी रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत साऱ्या शहराच्या तोंडी ते ‘आयटी पार्क’ एवढेच आहे. पाठीमागे शिवालिकच्या टेकड्या, पलीकडे सुखना तलाव आणि मध्ये काचेच्या इमारतींची रांग, असा तेथला देखावा. परंतु त्या काचांच्या आड बसलेल्या मंडळींचे वर्ष ना टेकडीवरील पानगळीने ठरते, ना हिवाळ्यात तलावावर उतरणाऱ्या पाहुण्या पाखरांनी. ते चार तिमाह्यांचे असते. एप्रिलात उघडते, मार्चअखेरीस मिटते, आणि ज्याचे गिऱ्हाईक अमेरिकेत आहे त्याला जानेवारी ते डिसेंबर असे दुसरेही एक वर्ष त्याच डोक्यात सांभाळावे लागते. उपजीविकेच्या निमित्ताने या परिसरात राहू लागल्यापासून एक गोष्ट मी दर हिवाळ्यात पाहतो. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की इमारतींच्या दर्शनी दालनांत प्लास्टिकचे सूचिपर्णी झाड उभे राहते, त्यावर दिव्यांच्या माळा चढतात, आणि नाताळ आला अशी द्वाही फिरते. त्याच सुमाराच्या रविवारी सेक्टर १९ मधील ख्रिस्तराजाच्या महामंदिरात जावे, तर तेथे वेदीवर जांभळे वस्त्र, फुलांची आरास बेताची, नेहमीचे गौरवस्तोत्र वगळलेले, आणि चार मेणबत्त्यांपैकी केवळ एक पेटलेली. ज्यांचा सण, त्यांच्या घरी सणाचा मागमूस नाही, आणि ज्यांना त्याच्याशी फारसे कर्तव्य नाही त्यांच्या दारात रोषणाई! या विसंगतीचा विचार करता करता ख्रिस्ती वर्षाचा अर्थ मला थोडाफार उलगडत गेला. तो येथे मांडतो.

वर्ष कोठून सुरू होते, या प्रश्नाला आपल्या महाराष्ट्रात एकच उत्तर कधीच नव्हते. शालिवाहन शकाचे वर्ष गुढीपाडव्याला लागते; व्यापाऱ्याच्या चोपड्या दिवाळीच्या पाडव्याला पुजल्या जातात; महसूल खात्याची जमाबंदी ऑगस्टपासून मोजली जाते; शेतकऱ्याचे खरे वर्ष मृगाच्या पहिल्या सरीखेरीज सुरू झाले असे त्याचे मन मानत नाही. ज्याचे जे काम, त्याचे ते वर्ष. मग ख्रिस्तसभेचे वर्ष कोणत्या कामावरून ठरते? ३० नोव्हेंबरला जो रविवार सर्वांत जवळचा, त्या दिवशी ते सुरू होते. म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये केव्हा तरी. त्या दिवशी कोणाचा जन्म नाही, कोणता विजय नाही, पीकही घरात आलेले नाही. त्या दिवशी आरंभ होतो तो आगमनकाळाचा, अर्थात वाट पाहण्याचा. इतर वर्षे काहीतरी हाती घेऊन उघडतात. हे वर्ष रिकाम्या हाताने उघडते, आणि माझ्या मते त्याच्या साऱ्या रचनेची किल्ली या रिकामेपणातच आहे.

पुढचा क्रम थोडक्यात असा. आगमनकाळाचे चार रविवार, मग नाताळ. प्रकटीकरणाचा सण आणि येशूच्या स्नानसंस्काराचा रविवार झाला की सामान्यकाळाचे काही आठवडे. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, त्याच्या शेवटी झावळ्यांचा रविवार आणि पवित्र सप्ताह. मग पुनरुत्थानाचा सण आणि त्याचे पन्नास दिवस, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचे अवतरण. त्यानंतर पुन्हा सामान्यकाळ, तो थेट नोव्हेंबरातील ख्रिस्तराजाच्या रविवारापर्यंत. हा क्रम एका बैठकीत कोणी आखलेला नाही. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांपाशी एक रविवार होता, आणि रविवारांचा रविवार म्हणून पुनरुत्थानाचा दिवस होता. त्यातून उपवासकाळ मागे फुटला, पन्नास दिवस पुढे फुटले, आणि २५ डिसेंबरचा जन्मोत्सव रोमच्या नोंदींत चौथ्या शतकात दिसू लागला. म्हणजे हे वर्ष जन्माकडून मृत्यूकडे वाढले नाही. रिकाम्या कबरीपासून ते पाळण्याकडे उलटे वाढत गेले. चरित्रकार नायकाचा शेवट जाणूनच त्याच्या बालपणाचे प्रकरण लिहावयास बसतो, तसाच हा प्रकार.

पुनरुत्थानाच्या सणाची तारीख दरसाल बदलते, याचे आपल्याकडील पुष्कळांना कोडे पडते. वास्तविक पंचांग पाहणाऱ्या समाजाला ते पडू नये. इसवी सन ३२५ च्या नायसिया परिषदेनंतर जो प्रघात रूढ झाला त्याप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, हा तो दिवस. बहुधा ही पौर्णिमा आपली चैत्री पौर्णिमा, अर्थात हनुमान जयंतीची असते; क्वचित ती फाल्गुनातील होळीची असते. २०२४ साली तसेच झाले. होळीचा चंद्र आकाशात उतरणीला लागला असताना ३१ मार्चला ईस्टर आले, आणि त्याच दिवशी सरकारी आर्थिक वर्षही संपत असल्यामुळे सरकारी व्यवहार सांभाळणाऱ्या बँकांनी त्या रविवारी शाखा उघड्या ठेवाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने फर्मावले. एका पंचांगाने ज्या दिवशी मृत्यूचा हिशेब रद्द झाल्याची ग्वाही दिली, त्याच दिवशी दुसऱ्या पंचांगाने प्रत्येक पैचा हिशेब पुरा करावयास सांगितले. असा योग क्वचितच जुळून येतो.

या तिथीनिर्णयाचा आपल्या वाङ्मयाशीही एक दूरचा धागा जुळतो. जुने ज्युलियन वर्ष सूर्यापेक्षा किंचित लांब असल्यामुळे संपात मागे सरकत गेला आणि त्यावर अवलंबून असलेला पुनरुत्थानाचा सण ऋतूपासून ढळू लागला. म्हणून १५८२ साली तेराव्या ग्रेगरी पोपने ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसाला १५ ऑक्टोबर म्हणावे, असा हुकूम काढला. त्या गणितात ज्याचा मोठा वाटा होता तो क्लाव्हियस येशूसंघाचा, आणि त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स हे तीन वर्षांपूर्वीच, १५७९ साली, गोव्यास येऊन मराठी शिकू लागले होते. १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून झाले. चातुर्मासात पुराण ऐकण्याची सवय जडलेल्या नवख्रिस्ती समाजाच्या हाती त्यांनी ओवीबद्ध पुराणच दिले, आणि रविवारी व सणावारी देवळांतून त्याचे वाचन होत गेले. रोममध्ये ग्रहगणित दुरुस्त होत होते आणि गोव्यात त्या गणिताने ठरणाऱ्या दिवसांना मराठी वाणी लाभत होती. आपल्याकडे लोकमान्य टिळकांच्या काळी जो दृक्प्रत्ययी पंचांगाचा वाद माजला त्याचाही गाभा हाच होता: आकाश एक सांगते आणि पोथी दुसरे सांगते, तेव्हा धर्माने कोणाचे ऐकावे? धार्मिक काळ आकाशाशी बेइमानी करून टिकत नाही, हे दोन्हीकडच्या विचारवंतांना सारखेच उमगले होते.

येथवर सारे सोपे आहे. अवघड प्रश्न पुढेच आहे. ख्रिस्ती श्रद्धेचा सारा डोलारा ‘एकदाच’ या शब्दावर उभा आहे. विशिष्ट देशात, विशिष्ट सुभेदाराच्या अमदानीत एक मनुष्य क्रुसावर मेला. तो पुनःपुन्हा मरत नाही. युगांची आवर्तने मानणाऱ्या, कालचक्राच्या कल्पनेत वाढलेल्या आपल्या मनाला दरसाल रामजन्म करण्यात काही अडचण वाटत नाही. पण ज्यांच्या लेखी इतिहास ही एकाच दिशेने जाणारी वाट आहे, त्यांनी त्याच मृत्यूसाठी दरसाल उपवास आणि त्याच जन्मासाठी दरसाल वाट पाहणे, हे तर्काला कसे धरून आहे? जो येऊन गेला त्याची प्रतीक्षा म्हणजे एक नाटकच नव्हे काय?

ही शंका बाहेरच्यांनी काढलेली नाही. ती ख्रिस्ती घरातच जन्मली. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाने दिवस, महिने, ऋतू आणि वर्षे पाळीत बसणाऱ्यांना चांगलेच खडसावले आहे, आणि त्या वचनाचा आधार घेऊन इंग्लंड-अमेरिकेतील प्युरिटनांनी सणांचे उच्चाटन आरंभिले. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ साली कायदा होऊन नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरला, आणि तो १६८१ पर्यंत अमलात होता. त्याच परंपरेत वाढलेल्या मंडळींचे प्रतिनिधी १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ पासून अहमदनगरात स्थिरावले. ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे कीर्तन, अभंग आणि ‘ख्रिस्तायन’ बहरले, तिचा उगम या सणविरोधी कुळात आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. कीर्तनाला तिथी लागते, भजनाला सप्ताह लागतो, आणि मराठी मनाला सणावाचून भक्ती सुचत नाही. त्यामुळे जे बोस्टनच्या पूर्वजांनी हद्दपार केले ते टिळकांसारख्यांच्या वाणीने निराळ्या दाराने घरात आले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या भांडणाचा एक निवाडा महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन परंपरेची संयुक्त मंडळी, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स असे सहा प्रवाह एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. एका बाजूला तिथी-रंग-उपवास काटेकोर पाळणारे, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या वाडवडिलांनी नाताळावर दंड बसविला असे. आणि ते ज्या रविवारी एक झाले तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. वर्षारंभाचा दिवस एकोप्याला निवडला गेला, यात औचित्य होते. कारण एकोपा हीदेखील पुरी न झालेली, वाट पाहण्याची गोष्ट आहे. चंडीगढच्या सेक्टर १८ मधील ख्राइस्ट चर्च याच संयुक्त चर्चचे आहे, आणि तेथेही डिसेंबरात जांभळा रंग दिसतो.

परंतु केवळ समेट झाल्याने शंकेचे उत्तर मिळत नाही. ते उत्तर मला पहिल्यांदा एका मेणबत्तीने दिले. ईस्टरच्या आदल्या रात्री देवळातील सर्व दिवे मालवून मंडळी अंगणात उभी राहतात. तेथे नवा अग्नी पेटविला जातो, आणि पुरुषभर नसली तरी हातभर उंचीहून खासच मोठी अशी एक जाड मेणबत्ती धर्मगुरूंपुढे धरली जाते. धर्मगुरू टोकदार लेखणीने तिच्या मेणात एक क्रूस कोरतात. क्रुसाच्या माथ्यावर ग्रीक वर्णमालेतील पहिले अक्षर, पायथ्याशी शेवटचे. आणि मग क्रुसाच्या चार कोनांत चार आकडे, त्या चालू सालाचे. त्यानंतर पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच खडे त्यात खोचले जातात. हल्ली रंगीत मेणाचे आयते आकडे चिकटविलेलेही दिसतात, पण अर्थ बदलत नाही. जी कथा दरसाल तीच, तिच्या दिव्यावर दरसाल नवा आकडा! गेल्या सालची मेणबत्ती या साली चालत नाही. आवर्तन आहे, परंतु ते घाण्याच्या बैलाचे नव्हे. ते घाटातल्या वळणाचे आहे, जेथे तीच दरी पुन्हा दिसते पण आपण एक वळण वर चढलेले असतो. एकदाच घडलेली गोष्ट बदलत नाही. बदलतो तो तिच्यासमोर उभा राहणारा मनुष्य, आणि त्याचा साल-आकडा त्या कथेच्या अंगावर कोरण्यासाठी हे वर्ष परतून येते.

आणि प्रतीक्षेचे नाटक म्हणाल, तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी जे शुभवर्तमान वाचले जाते ते बेथलेहेमच्या गोठ्याचे नसते, ही गोष्ट आक्षेपकांच्या ध्यानात येत नाही. ते असते जागे राहण्याविषयी, धनी कोणत्या घटकेला येईल याचा नेम नाही म्हणून. जो येऊन गेला त्याची लुटुपुटीने वाट पाहावी असे कोणी सांगत नाही. ज्या न्यायाचा आणि शांतीचा आरंभ त्याच्या येण्याने झाला तो अजून पुरा झालेला नाही, हे मान्य करावयास सांगितले जाते. वर्षाचा शेवटचा रविवार ख्रिस्ताला राजा म्हणतो; हा सण पोप अकराव्या पायसने १९२५ साली, महायुद्धानंतर नवनवे हुकूमशहा उदयास येत असता, स्थापिला. त्याला राजा म्हणून घोषित करून दुसऱ्याच रविवारी वर्ष पुन्हा अंधारात एक मेणबत्ती लावून बसते, कारण राजाचे राज्य रस्त्यावर कोठे दिसत नाही. एवढा प्रांजळपणा फार थोड्या पंचांगांत आढळेल.

हे सारे युरोपी ऋतूंवर बेतलेले आहे, ते आपल्या मातीत उपरेच राहणार, असा एक आक्षेप असतो. उत्तर म्हणून तत्त्वचर्चेपेक्षा कोकणपट्टीकडे बोट दाखविणे बरे. योहान बाप्तिस्त्याचा जन्मदिन २४ जून हा युरोपात उन्हाळ्याच्या भरातला. त्यानंतर दिवस आखूड होत जातात, आणि योहान घटत जावा, ख्रिस्त वाढत जावा, हे तेथे सूर्यच सांगतो. गोव्यात तो दिवस धो धो पावसात येतो, विहिरी तुडुंब भरतात, आणि गर्भातल्या योहानाने आनंदाने मारलेली उडी म्हणून डोक्याला फुलापानांची कोपेल घातलेले तरुण त्या विहिरींत उड्या घेतात. ५ ऑगस्टला सासष्टीतील राय गावी भाताची नवी कणसे देवळात आशीर्वादिली जातात; उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरात आगेरा हा सुगीचा सण साजरा करतो; ८ सप्टेंबर या मरियेच्या जन्मदिनानंतर वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत आगरी-कोळ्यांपासून पारशी-मुसलमानांपर्यंत सारे टेकडी चढतात. वसईची कथा तर अधिकच बोलकी. १५३४ साली पोर्तुगीजांनी घेतलेली वसई १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकली, फिरंगी सत्ता गेली. पण उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार आणि नाताळ मागे राहिले, कारण तोवर ते वाडीतले, विहिरीवरले आणि केळीच्या बागेतले झाले होते.

या कथेला काळी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. जे पंचांग प्रतीक्षा शिकविते तेच सत्तेच्या हाती पडले की दुसऱ्याची तिथी पुसावयास निघते. गोव्याच्या धर्मसमीक्षण न्यायालयाने १७३६ च्या जाहीरनाम्याने नवख्रिस्ती घरांतील लग्नाच्या गाण्यांपासून तुळशीपर्यंत कशाकशावर बंदी घातली होती. वाट पाहणाऱ्याच्या हाती तलवार शोभत नाही. ती त्याच्या हाती आली, तेव्हा त्याने वाट पाहणे सोडून दिले होते, एवढाच तिचा अर्थ.

वाट पाहणे हा या वर्षाचा पहिला नियम, तर सर्वांत मोठ्या सणाआधी उपवास, हा दुसरा. एकादशी आणि चातुर्मास पाळणाऱ्या घरांना तो समजावून सांगावयास नको. गेल्या साली झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या जयघोषात हाती धरल्या, ज्यांचे क्रूस विणून घरोघरी लावले, त्याच वाळलेल्या झावळ्या गोळा करून जाळतात आणि त्यांची राख पुढल्या साली राखेच्या बुधवारी कपाळी लावतात. जयजयकाराची राख कशी होते, हे याहून थोड्या शब्दांत कोणत्याही तत्त्वज्ञाने सांगितलेले मला ठाऊक नाही. एका वर्षाचा माल दुसऱ्या वर्षाला लागतो; शिल्लक पुढे ओढली जाते, पण ती राखेच्या रूपाने.

आणि तिसरा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. या वर्षाचे तेहतीस किंवा चौतीस आठवडे, म्हणजे निम्म्याहून बरेच अधिक, सामान्यकाळाचे आहेत. त्यांचा रंग हिरवा, आणि त्यांना नावे नसतात. केवळ क्रमांक असतात. येशूच्या तीस वर्षांच्या अज्ञात सुतारकामाविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात, तसाच हा वर्षाचा मौनाचा भाग. ज्या कार्यालयीन वर्षात प्रत्येक आठवडा ‘निर्णायक’ असतो आणि प्रत्येक तिमाही मागीलपेक्षा सरस ठरलीच पाहिजे, तेथे राबणाऱ्या माणसाला कोणीतरी असे सांगण्याची गरज आहे की आयुष्याचा मोठा हिस्सा बिननावाचाच असतो, त्यात काही विशेष घडत नाही, आणि तरी तो वाया गेलेला नसतो. विठ्ठल आषाढीला भेटतो हे खरे. पण वारकऱ्याची माळ बाकीच्या दिवशीही गळ्यातच असते.

चंडीगढच्याच उत्तर टोकाला ल कॉर्बुझिए यांनी सूर्याच्या चोवीस तासांचे एक शिल्प आणि सावल्यांचा एक मनोरा योजून ठेवला आहे. नगर वसविताना त्यांना सूर्याचा काळ विसरून चालणार नाही असे वाटले. मनुष्य वसविताना कोणता काळ विसरून चालणार नाही, हा प्रश्न धर्मपंचांगे विचारतात. ख्रिस्ती वर्षाचे त्यावरचे उत्तर माझ्या समजुतीप्रमाणे एवढेच: काळ ही आपण खर्ची टाकण्याची रक्कम नाही, ती स्वीकारण्याची वस्तू आहे, आणि स्वीकारणाऱ्याला आधी हात रिकामे करावे लागतात. हे पटण्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही, मी नाही.

२६ डिसेंबरला आयटी पार्कातील दालनांत झाडे उतरविण्यास आरंभ होतो. दिव्यांच्या माळा गुंडाळून खोक्यांत जातात, आणि मंडळी चौथ्या तिमाहीच्या तयारीला लागतात. सेक्टर १९ च्या महामंदिरात मात्र त्या दिवशी नाताळ नुकताच सुरू झालेला असतो. वेदीवर पांढरे वस्त्र असते, वगळलेले गौरवस्तोत्र परत आलेले असते, आणि हा काळ जानेवारीत येशूच्या स्नानसंस्काराच्या रविवारपर्यंत चालतो.